मदत हवी आहे: मुलगा अजून दोन शब्द जोडून बोलत नाही, म्हणून आजीने कन्नड बंद करावं का? (मिरज-सांगली)

नमस्कार. आम्ही मिरजेत राहतो. मुलगा २२ महिन्यांचा आहे. मी आणि नवरा त्याच्याशी मराठीत बोलतो. सासूबाई जतकडच्या, त्या तो जन्मल्यापासून त्याच्याशी कन्नडच बोलतात. मी नोकरी करते, त्यामुळे दिवसभर तो त्यांच्याजवळ असतो.

आई, बाबा, अज्जी, दे, भूभू असे सुटे शब्द बोलतो. पाण्याला नीर म्हणतो आणि नको असलं की ब्याड. दोन्ही भाषांतले धरून पंचवीस-तीस शब्द होतील. पण 'बाबा ये' किंवा 'दूध दे' असं जोडून काही येत नाही. समजतं मात्र सगळं. चप्पल आण म्हटलं की आणतो, मग ते मी म्हणो की अज्जी. कावळा दिसला की बोट दाखवतो आणि लगेच वळून आमच्या तोंडाकडे बघतो, आम्हीही बघतोय ना म्हणून.

मागच्या लसीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, घरात एकच भाषा ठेवा, पोरगं गोंधळतंय. सासूबाईंनी ते फार मनाला लावून घेतलं. त्यांचं मराठी बाजारहाटापुरतं. आधी भरवताना मांजर काय म्हणाली, शेजारची म्हैस कुठे गेली, असं अखंड चालायचं आणि हाही मध्येमध्ये हुंकार देऊन, हात नाचवून त्यात भाग घ्यायचा. आता 'खा', 'बस', 'झालं' एवढंच. ताट संपलं की संपलं. मला हे अजिबात पटत नाही. बोलत नाही म्हणून त्याच्याशी बोलणंच कमी करायचं, हा कसला उपाय?

मी थोडं वाचलं. वर्कर आणि टीस या संशोधकांचा १९८४चा प्रयोग सापडला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या त आणि ट यांतला फरक ऐकू यायचा, पण वर्षाच्या आत तो बहुतेकांचा गेला, कारण कानावर पडतच नव्हता. म्हणजे मूल बोलायच्या किती आधीपासून ऐकून निवड करत असतं! माझ्या मुलाचा कान दोन्ही भाषांवर तयार झालाय. आता त्यातली एक काढून घ्यायची?

विचारायचं असं:
कन्नड बंद करणं खरंच गरजेचं आहे का? सांगली-मिरजेत कान आणि बोलणं तपासायला कुठे जावं? शेजारच्या काकू म्हणतात, वेखंड उगाळून चाटव, मुलगे उशिराच बोलतात. थांबू का?

प्रतिसाद:
ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. आजींना आजपासून पुन्हा कन्नडमध्ये बोलू द्या. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. शब्दही तुम्ही मोजलेत तसेच, दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. मुलगे सरासरीने थोडे उशिरा बोलतात हे खरं, पण तेवढ्यावर थांबू नका. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते, म्हणून तपासणी आत्ताच करा. वेखंडाचा उपयोग नाही, देऊ नका.

आधी कान. कुकरच्या शिट्टीला दचकतो म्हणजे कान चांगले, असं धरू नका. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत पडद्यामागे पाणी साचतं, मोठा आवाज कळतो आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा आणि ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का) आणि बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का) या तपासण्यांबद्दल विचारा. बेरा मूल झोपलेलं असताना करतात, दुखत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, सेविकेकडे नाव देऊन ठेवा. तिथून पुढची तपासणी आणि उपचार मोफत होतात.

घरी एवढंच करा. तो 'नीर' म्हणाला की आजींनी 'नीर बेकु?' म्हणायचं, तुम्ही 'पाणी हवं?' म्हणायचं, आणि मग थोडं थांबायचं. त्याला म्हणायला लावू नका. गाण्यांचे व्हिडिओ याची जागा घेत नाहीत. बाळं भाषा कशी शिकतात यावर संशोधन करणाऱ्या पॅट्रिशिया कुल यांच्या २००३च्या प्रयोगात ९ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसलेल्या माणसाकडून चिनी आवाज शिकली, तीच माणसं पडद्यावर दाखवली तर शिकली नाहीत.

धागाकर्ती:
खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवते. सोमवारी रजा टाकून कान दाखवायला जातोय. बेरासाठी मूल झोपवायला औषध देतात का, की घरून जागवून न्यायचं? कुणी करून घेतली असेल तर सांगा.