हयातीचा दाखला: विडी कामगार आज्यांचा अंगठाच उमटत नाही, तुम्ही काय करता?

कुंभारीची_ताई

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळ कुंभारीत माझं सेवा केंद्र आहे. शटरचं एक दुकान, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स. गोदूताई परुळेकर घरकुल जवळच. तिथली १०,००० घरं विडी कामगार बायकांची, २००६ मध्ये मिळालेली. त्यामुळे नोव्हेंबर लागला की पीएफ पेन्शनवाल्या आज्या हयातीच्या, म्हणजे जिवंत असल्याच्या दाखल्यासाठी सकाळी आठलाच पायरीवर येऊन बसतात. शटर मी नऊला उघडते, ते त्यांना मान्य नाही.

दाखल्यासाठी मशीनवर आधारचा अंगठा जुळावा लागतो, आणि अडचण त्या अंगठ्याचीच आहे. जन्मभर पान कापलं, तंबाखू भरून वळलं, दोरा बांधला. बोटाच्या रेषा गेल्यात कुठल्या कुठे. परवा एक अम्मा आली होती. तिचा उजवा अंगठा मी उजेडात धरून बघितला, नुसता गुळगुळीत, टोकाला तंबाखूचा पिवळा डाग. "अम्मा, वेलु पेट्टंडी" (तेलुगूत, बोट ठेवा) म्हणून म्हणून माझा घसा बसला. मशीन आपलं लाल. शेवटी तिनेच मला विचारलं, "मी जिवंत हाय की न्हाई ते ह्या डबीला कसं कळणार गं?"

पेन्शन किती म्हणाल, तर २०१४ पासून किमान १,००० रुपये ठरलेत, बहुतेकींना त्याच्याच आसपास मिळतात. दाखला गेला नाही की तेही थांबतात. इथे जमलं नाही आणि शहरात जायचं म्हणजे रिक्षाचं भाडं, बरोबर कोणीतरी हवं, त्या माणसाचा रोज बुडतो.

दोन प्रश्न आहेत.

एक, अंगठा लागतच नसेल तर तुम्ही काय करता? परत पाठवायला माझं मन होत नाही.

दुसरा जरा अवघड. अर्धा तास घालवून काम झालंच नाही तर पैसे घ्यायचे का? नवरा म्हणतो घे, लाइटबिल काय तुझी अम्मा भरणार आहे का. शेजारचा केंद्रवाला तर "चेक करायचे" म्हणून आधीच घेतो.

सिन्नरकर

ताई, आमच्याकडेही विडीच. अंगठ्याचा नाद सोडा. आधारला दहाही बोटं दिलेली असतात, मग अंगठाच का? डाव्या हाताची अनामिका नाहीतर करंगळी लावून बघा, वळताना तिच्यावर सगळ्यात कमी जोर येतो. आधी ओल्या फडक्याने बोट पुसून घ्या, पण ओलं ठेवू नका. थंडीत कातडी कोरडी पडते, तेव्हा नुसत्या पुसण्याने पण फरक पडतो. काचही पुसत जा हो, तंबाखूवाली बोटं लागून तिच्यावर थर बसतो.

बोटं खरंच गेलेली असतील तर चेहऱ्यावरून करा. पीएफवाल्यांनी ते २०२२ मध्येच सुरू केलंय. मोबाइलवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन अ‍ॅप टाकायची. आधी ऑपरेटर म्हणून तुमचा स्वतःचा चेहरा, मग पेन्शनरचा. मशीनची गरजच नाही, घरी जाऊनही होतं.

रोखठोक

पैसे घ्या. सरळ बोर्ड लावा, दाखला इतके, फेरप्रयत्न इतके. फुकट केलं की उद्या लोक वीजबिल पण फुकट मागतील. केंद्र चालवताय, अन्नछत्र नाही. आणि शेजाऱ्याचं म्हणाल तर तो निदान आधी सांगून घेतो.

निवृत्त_कारकून

मुळात एवढी रांग लागायलाच नको. नोव्हेंबरचं बंधन सरकारी पेन्शनवाल्यांना. पीएफच्या ईपीएस-९५ (१९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनला दाखला वर्षभरात कधीही चालतो आणि दिल्या तारखेपासून एक वर्ष धरतात. एखादीने यंदा फेब्रुवारीत दिला असेल तर ती आत्ता उगाच उन्हात उभी आहे. जुन्या पावतीवरची तारीख बघा आणि ज्यांची मुदत बाकी आहे त्यांना पुढचा महिना लिहून द्या.

एक महत्त्वाचं. प्रमाण आयडी (तयार झालेल्या दाखल्याचा क्रमांक) आला म्हणजे काम झालं असं धरून चालू नका. पीपीओ क्रमांकात (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक) एक आकडा चुकला किंवा पेन्शन देणारी संस्था भलतीच निवडली, तर दाखला तयार होतो आणि मागाहून नाकारला जातो. माझ्या नोकरीत अशा बायका पाहिल्यात, हातात कागद आहे आणि खात्यात पैसे नाहीत. दोन-चार दिवसांनी स्थिती तपासा. आणि ज्यांची पेन्शन आधीच थांबली आहे त्यांनाही धीर द्या, दाखला लागला की थकबाकीसकट मिळते.

लेक_पुण्यात

माझी आई अशीच विडी कामगार, सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. चेहऱ्याचं मी दिवाळीत घरीच केलं. दोनदा नाकारलं, कारण आई खिडकीकडे पाठ करून बसलेली. दारात उजेडाकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढला, कपाळावरचा पदर मागे घेतला, तेव्हा झालं.

पैशाचं म्हणाल तर आईला विचारलं. ती म्हणाली, काम केलं तर घ्यावेच, पण न झालेल्याचे घेतले तर परत त्या दारात जाणार नाही.

कुंभारीची_ताई

सगळ्यांचे आभार. करंगळीने पहिल्याच दिवशी तिघींचं काम झालं, सिन्नरकर, चहा लागू तुम्हाला.

परवाच्या अम्माची करंगळी पण गेलेली, म्हणून मोबाइल घेतला. डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली तर तिने डोळे मिटले ते मिटलेच, वर हात जोडले, देवळात उभी असल्यासारखे. मी "डोळे मिचकवा" म्हणाले, तशी पदर तोंडाला लावून हसायला लागली, ह्या वयात कोणाला डोळा मारू म्हणून. अख्खी रांग हसली. त्या हसण्यात पापणी हलली आणि झालं की ओ काम! पुढे फॉर्ममध्ये "पुनर्विवाह केला आहे का" असा प्रश्न असतोच. तो मी तिला विचारला नाही, मागच्या बाईने विचारला. तो काय गोंधळ झाला ते इथे लिहीत नाही.

कारकून काका, पावत्या बघितल्या. रांगेतल्या बऱ्याच जणींची मुदत जानेवारीच्या पुढे होती. वहीत महिन्याप्रमाणे नावं घातलीत, कॅलेंडरवर खूण करून दिलीय. तरी दोघी ऐकायलाच तयार नाहीत, "नोव्हेंबर म्हणजे नोव्हेंबर". त्यांचं करून टाकलं. दाखला लवकर गेला म्हणून काही बिघडत नाही, फक्त पुढच्या वर्षाची तारीख अलीकडे येते.

रोखठोक, बोर्ड लावला. प्रमाण आयडी आला तरच पैसे, असं मोठ्या अक्षरात. नवऱ्याने वाचला, काही बोलला नाही, लाइटबिल मात्र टेबलावर ठेवून गेला.

आता एकच विचारते. संध्याकाळी पाचनंतर दुकानात उजेड कमी पडतो आणि ट्यूबलाइट डोक्यावर असल्याने चेहऱ्यावर सावली येते. समोरून लावायला साधा एलईडी बल्ब चालेल का, की तो गोल लाइट घ्यावा लागेल? कोणी वापरत असेल तर सांगा.

सिन्नरकर

साधा बल्ब पुरे, वर पांढरा कागद लावा म्हणजे डोळ्यावर येणार नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं असेल तर त्यांना मात्र थोडे दिवस थांबवा.