बॅटऱ्या तुम्ही काढल्या, काटा आमचा बंद पडला

काटेवाला (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात कोरा_कागद यांनी 'पायथॉनने माळा झाडला, अभिनंदन!' असा लेख टाकला होता. सार एवढंच की पायथॉन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.१३ आवृत्तीत स्टँडर्ड लायब्ररीतून (भाषेसोबत आयता मिळणारा कोड) १९ मॉड्युलं, म्हणजे त्या कोडचे तुकडे, काढली ते झकास झालं, ती कोणी वापरत नव्हतं, कोणाला हवीच असतील तर पिप इन्स्टॉल करावं (म्हणजे इंटरनेटवरून वेगळं उतरवून घ्यावं), रडू नये. 'रडू नये' हे त्यांचेच शब्द. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

कोणी वापरत नव्हतं म्हणजे? मी वापरत होतो की. एका साखर कारखान्याचा ट्रॉलीचा काटा आहे. काट्याचा डिस्प्ले सिरियलवर बोलतो, त्याला एक डबडं जोडलंय जे सिरियलचं नेटवर्क करतं, आणि त्या डबड्याशी टेलनेटने (नेटवर्कवर उघड्या मजकुरात बोलायची जुनी पद्धत) बोलावं लागतं. माझी स्क्रिप्ट १४० ओळींची. टेलनेटलिब (काढलेल्या १९ पैकी एक) चं रीड-अंटिल, त्यातून वजन उचल, पावती छाप, संपलं. पायथॉन २ वरून ३ वर नेली तेव्हा बाइट्सने दोन दिवस खाल्ले, तेवढं सोडलं तर हिने कधी त्रास दिला नाही.

यंदा गाळप सुरू व्हायच्या आधी मशीन डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ वरून १३ वर नेलं. पायथॉन ३.११ चं थेट ३.१३ झालं. पहिल्या ट्रॉलीला पावतीच नाही. लॉगिन करून हाताने चालवतो तर मॉड्युल-नॉट-फाउंड. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, बैलगाडीवाले शिव्या घालतायत आणि मी गूगल करतोय फोनवर, कारण त्या खोलीतलं मशीन इंटरनेटला जोडलेलंच नाही. मुद्दाम जोडलेलं नाही, वजनात कोणी हात घालू नये म्हणून. पिप इन्स्टॉल कुठून करू, उसाच्या कांड्यातून?

डॉक्युमेंटेशनमध्ये टेलनेटलिबच्या पानाचं आता थडगं झालंय. ३.११ ला बाद ठरवलं, ३.१३ ला काढलं, ३.१२ मध्ये शेवटचं होतं. मग दोन बाहेरच्या पर्यायांची नावं, आणि त्यांची जबाबदारी आमच्यावर नाही अशी टीप. 'बॅटऱ्यांसकट', म्हणजे लागेल ते सगळं भाषेसोबतच, हे ब्रीद ह्यांचंच ना? खेळणं देताना बॅटऱ्यांसकट द्यायचं, आणि पोर खेळायला लागलं की घरी येऊन बॅटऱ्या काढून न्यायच्या.

कोरा_कागद

आधी तारखा बघा, मग थडगी मोजा. हा प्रस्ताव, पेप ५९४, मांडला २०१९ मध्ये. वाद होत होत २०२२ ला मंजूर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ३.११ आली तेव्हापासून मॉड्युल इम्पोर्ट केलं, म्हणजे वापरायला घेतलं, की इशारा यायचा. काढलं २०२४ च्या ऑक्टोबरात. पाच वर्षं झाली. एवढ्या वेळात आमच्या चौकातला उड्डाणपूलसुद्धा अर्धा होतो.

काय काय काढलंय तेही सांगा की. सन कंपनीचा जुना ध्वनी फॉरमॅट वाचणारं सनएयू. यूज़नेट ह्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यासाठी एनएनटीपीलिब. शेवटचा न्यूज़ग्रुप कधी वाचलात? मेलमधून फाइल पाठवायला यूयूएनकोड कधी केलंत? यातल्या बऱ्याच मॉड्युलांना वाली उरला नव्हता. बग आला की फुकट राबणारा कोणीतरी रात्री अकरा वाजता तो कोड पहिल्यांदा वाचायला घेणार. मी स्वतः एक छोटी लायब्ररी सांभाळतो म्हणून सांगतो. मुलीच्या बारशाच्या दिवशी मला एकाचा मेल आला, 'अर्जंट, प्रॉडक्शन डाउन'. माझ्या लायब्ररीवर त्याची कंपनी चालते, आणि मला त्यातून आजवर एक कप चहा मिळालेला नाही.

आणि इशारा तुम्हालाही आला असणारच. मुख्य स्क्रिप्टमध्येच इम्पोर्ट असेल तर तो न मागता छापला जातो. ३.११ वर अख्खे हंगाम काढलेत तुम्ही. वाचला नाहीत?

काटेवाला

स्क्रिप्ट क्रॉनमधून आपोआप चालते. एरर डेव्ह-नलला, म्हणजे कचऱ्यात, जातात.

दोन_चहा

खिक्.

काटेवाला

हसा. मान्य, ती चूक माझी. पण इशारा दिला म्हणजे जबाबदारी संपली का? नगरपालिकासुद्धा नोटीस दारावर चिकटवून जाते.

कोरा_कागद

अजून एक. वजनात कोणी हात घालू नये म्हणून इंटरनेट नाही म्हणता, आणि आतल्या नेटवर्कवर टेलनेट? त्या डबड्याला पासवर्ड तरी आहे का? तिथल्या स्विचला कोणीही लॅपटॉप लावला तर काय होईल? काटामारीची ओरड उगाच होत नाही.

काटेवाला

जीभ सांभाळून लिहा. माझा बाप ऊस घालतो त्याच काट्यावर. काटामारी म्हणजे काय ते एसीत बसून मला शिकवू नका. वजनमापवाले दरवर्षी सील करून जातात त्या काट्याला. डबड्याला पासवर्डची सोयच नाही, ते मी बनवलेलं नाही आणि बदलायचा अधिकारही माझा नाही. कारखान्यातली यंत्रं वीस-वीस वर्षं चालतात. तुमच्यासारखं दर दिवाळीला नवं फ्रेमवर्क नाही येत.

कोरा_कागद

'ओरड' म्हटलं, आरोप केला नाही. पण वाक्य वाईट होतं, मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

गोफण

मधे पडतो. आमच्या गो भाषेत हा तमाशाच नाही. मार्च २०१२ मध्ये गो १ आली तेव्हाच वचन दिलं की आज चालणारा कोड उद्याही चालेल. रँडम आकडे काढायचं पॅकेज फसलंय हे कळल्यावर ते पाडलं नाही, शेजारी व्ही२ बांधलं, १.२२ मध्ये. जुनं घर अजून उभं.

कोरा_कागद

पगारी माणसं बसवली की वचनं पाळता येतात हो. गोच्या मागे गूगल आहे.

मास्तरीण

तुमची मॉड्युलं राहोत नाहीतर जावोत. माझं दुखणं वेगळं आहे. मी डिप्लोमाला पायथॉन शिकवते. गेल्या सत्रात एका पोराने फाइलींच्या नावातून डॉट-टीएक्सटी काढायला आर-स्ट्रिप वापरलं. 'रिपोर्ट' चं झालं 'रिपोर'. कारण आर-स्ट्रिप शेवटचा तुकडा काढत नाही, दिलेल्या अक्षरांपैकी जे जे शेवटाला सापडेल ते सोलत जातं, आणि इंग्रजी रिपोर्टच्या शेवटी टी आहेच. पोरगं म्हणे, मॅडम, बाकी सगळ्या फाइली बरोबर आल्या, हीच का बिघडली. अर्धा तास दोघंही स्क्रीनकडे बघत बसलो. (हो, मलाही लगेच कळलं नाही.)

आता गंमत बघा. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. ३.९ पासून नेमका शेवटचा तुकडा काढणारं रिमूव्ह-सफिक्स आलंय, त्याचा निर्देशही तिथेच आहे. पण पोरगं ते पान उघडत नाही, कारण उघडलं तर इंग्रजीची भिंत. ह्याच पानांवर वरच्या कोपऱ्यात भाषा बदलायची सोय आहे. जपानी आहे, कोरियन आहे, तुर्की, पोलिश आहे. मराठी नाही. आठ कोटींहून जास्त लोकांची भाषा, आणि आपण इथे टेलनेटवर भांडतोय.

शुद्धलेखक

मास्तरीणबाईंशी सहमत. भाषांतर व्हायलाच हवे. मात्र ते मराठीत व्हावे, देवनागरीतल्या इंग्रजीत नव्हे. फंक्शनला 'फलन' हा गणितातला शब्द आहे. व्हेरिएबल म्हणजे 'चल'. इटरेबल म्हणजे 'पुनरावर्तनीय'. शब्द आहेत, वापरायची लाज वाटते इतकेच.

दोन_चहा

'चल हे फलनाला दिलेलं पुनरावर्तनीय आहे.' चल म्हटल्यावर आमचा पहिला बाक उठून घरी जाईल.

मास्तरीण

शुद्धलेखक, तुम्ही वर्गात उभे राहिलात का कधी? मी एकदा 'फलन' म्हटलं, मागून आवाज आला, मॅडम, वलन का? माझी पोरं 'फंक्शन कॉल केलं, एरर आला' असंच बोलतात. ती मराठीच आहे. 'केलं' आणि 'आला' कुठल्या भाषेतले वाटतात तुम्हाला?

शुद्धलेखक

मग भाषांतर करायचे तरी कशाला? क्रियापदे बदलायला?

मास्तरीण

हो! वाक्य बदलायला. अडचण शब्दाची नसतेच, साडेतीन ओळींच्या इंग्रजी वाक्याची असते. 'फंक्शन' कळतं, त्याच्या पुढचं 'अनलेस' कळत नाही.

गोफण

हे पटलं. आमच्याकडे वायरमनसुद्धा फेज-न्यूट्रलच म्हणतो.

शुद्धलेखक

वायरमन शब्दकोश लिहीत नाही. जपान्यांनी, तुर्कांनी आपापल्या भाषेत केले की नाही? आपल्यालाच न्यूनगंड.

राइनकाठ

जपानी पान उघडून बघा एकदा, कातकाना लिपीत इंग्रजी शब्दांची रांग दिसेल. असो. अवांतरात अवांतर करते. भाषांतर राहू द्या, पायथॉनच्या लायब्ररीला मुळात मराठी अक्षर कळतं का?

'कमल' ला इज़-अल्फा (सगळी अक्षरंच आहेत का?) विचारा, ट्रू. 'मराठी' ला विचारा, फॉल्स. मराठी हा शब्द अक्षरांचा बनलेला नाही असं म्हणणं आहे तिचं. काना आणि वेलांटी युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची सामाईक यादी) 'मार्क' ह्या गटात येतात, 'लेटर' मध्ये नाही, आणि ही बया फक्त लेटर मोजते. रेगेक्सला (मजकुरात नमुने शोधायची सोय) 'मराठी' द्या आणि बॅकस्लॅश-डब्ल्यूने, म्हणजे 'शब्दात येणारं अक्षर' ह्या खुणेने, शब्द काढायला सांगा, 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे हातात येतात. मी इथे एका ग्रंथालयासाठी मराठी पुस्तकांची सूची बनवत होते. तीन आठवडे शोधात अर्ध्या लेखकांची नावं सापडेनात. साहेबांना वाटलं माझा डेटा घाण आहे.

आणि डॉक्युमेंटेशन म्हणाल तर ऐका. जुन्या आवृत्त्यांच्या पानावर लिहिलेलं होतं की बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये कुठल्याही भाषेतल्या शब्दात येणारी बहुतेक अक्षरं येतात. ते खोटं होतं. नंतर ते वाक्य बदललं, आता 'इज़-अल्नम (अक्षर किंवा आकडा आहे का?) म्हणेल ती' असं आहे. कोड तोच, पान सुधारलं. सुनेला बोलता येत नाही म्हणून पाटी लावली की ह्या घरात बोलत नाहीत.

काटेवाला

हे भारी आहे. म्हणजे सनएयू काढायला वेळ आहे, कान्याला नाही.

कोरा_कागद

उलट आहे. सनएयू गेलं की तेवढा वेळ मोकळा होतो. आणि इज़-अल्फा आज बदललं तर किती जणांचे काटे बंद पडतील याचा हिशोब करा, काटेवाले. तुम्हाला काहीच हलायला नको आहे, आणि राइनकाठना बदलायला हवंय. एका धाग्यात दोघांना कसं खूश ठेवायचं? बाहेरचं 'रेगेक्स' नावाचं पॅकेज मात्रा नीट धरतं. पिप इन्स्टॉल.

राइनकाठ

परत पिप. इंग्रजीवाल्याला शब्द मोजायला पॅकेज लागत नाही, मला लागतं. हे बॅटऱ्यांसकट नव्हे, हे बॅटऱ्या फक्त लॅटिन खोलीत.

कोरा_कागद

...हा मुद्दा मला खोडता येत नाही. आनंद घ्या.

दोन_चहा

नोंद करा रे कोणीतरी, तारीख घाला.

न्यायाची बाजू म्हणून सांगतो, मजकुराचा आकडा करणाऱ्या इंटला '१२३' देवनागरीत दिलं तरी एकशे तेवीसच मिळतात. सातबाराच्या उताऱ्यावरून आकडे उचलताना मला एक ओळसुद्धा जास्त लिहावी लागली नाही. म्हणजे आकडे कळतात, नाव कळत नाही. तलाठ्यासारखं.

गोफण

काटेवाले, एक राहिलंच. शेवटी काटा चालू कसा केलात? नेटवर्कवर थेट बोलणारं सॉकेट मॉड्युल तर आहे अजून. डबडं फक्त आकडे फेकत असेल तर पंचवीस ओळींत काम होतं.

काटेवाला

बाहेर चाळीस ट्रॅक्टर उभे असताना पंचवीस ओळी तुम्ही लिहून दाखवा. नाही. घरच्या लॅपटॉपवर ३.१२ होतं. त्यातली टेलनेटलिबची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि स्क्रिप्टच्या शेजारी ठेवली. एकच फाइल, शुद्ध पायथॉन. बाद झाल्याचा इशारा देणारी ओळ ३.१३ वर एररच फेकते, तेवढी उडवली, बाकी कशाला हात लावला नाही. गाडीवरून घरी जाऊन येण्यासकट पाऊण तास. तेव्हापासून चालतंय.

कोरा_कागद

अरे! म्हणजे आता टेलनेटलिबचे सांभाळकर्ते तुम्ही. अभिनंदन. बारशाच्या दिवशी मेल आला तर कळवा.

काटेवाला

येईल तेव्हा बघू. एरर आता फाइलीत जातात, एवढं केलंय.

मास्तरीण

तुमचं झालं असेल तर कामाचं बोलू का? भाषांतराचे नियम पेप ५४५ मध्ये आहेत. यादीत भाषा यायला तीन गोष्टी पूर्ण लागतात, अख्खं ट्युटोरियल, बिल्ट-इन फंक्शनांचं पान, आणि बग कसा कळवावा ते पान. हे तिसरं फार लहान आहे. मी काल रात्री सुरू केलं, दुसऱ्याच परिच्छेदात अडले. 'इश्यू ट्रॅकर' तसंच ठेवतेय देवनागरीत. शुद्धलेखक, ओरडू नका.

शुद्धलेखक

तक्रारवही.

मास्तरीण

काय?

शुद्धलेखक

इश्यू ट्रॅकर म्हणजे तक्रारवही. एसटी स्टँडवर असते ती.

मास्तरीण

हा घेते. फलन नाही म्हणजे नाही.