फॅराडे कपवर भरवसा ठेवू नका, मॉनिटर लावा

फॅराडे कप म्हणजे कणांचा झोत (बीम) टार्गेटमधून, म्हणजे ज्या पातळ पापुद्र्यावर तो मारतो त्यातून, गेल्यावर त्याचा विद्युतभार गोळा करणारं धातूचं भांडं. या कपमधला करंट मोजून क्रॉस सेक्शन (अणुकेंद्रकांची अभिक्रिया होण्याच्या शक्यतेचं माप) काढलं तर ते दर रनला (मोजणीच्या फेरीला) वेगळं का येतं, हा प्रश्न होता. आधी विद्युतभार तपासा.

मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या पेलेट्रॉन या कण-त्वरकाचं (१९८८पासून चालू) उदाहरण घेऊ. समजा, त्याचं टर्मिनल (उच्च धन व्होल्टेजचा भाग) १२ एमव्हीवर (दशलक्ष व्होल्टवर) आहे. ऋण ऑक्सिजन आयन वर जातो, कार्बन फॉइलमध्ये इलेक्ट्रॉन गमावून ७+ (सात एकक धन भाराचा) होतो आणि खाली येताना पुन्हा ढकलला जातो. एकूण १२ × (१+७) = ९६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा. पण टार्गेटमधून जाताना भार पुन्हा बदलतो, बरेच आयन ८+ होऊन बाहेर पडतात. कण मोजायला तुम्ही मात्र कपात जमलेला भार ७ने भागता, म्हणजे कण १४ टक्क्यांपर्यंत जास्त मोजले जातात. शिवाय कपाच्या तळातून दुय्यम इलेक्ट्रॉन निसटले की करंट आणखी फुगतो. तोंडाशी ऋण व्होल्टेजची सप्रेसर रिंग हवीच.

खात्रीचा उपाय म्हणजे बीमच्या दोन्ही बाजूंना २० अंशांवर एकेक सिलिकॉन डिटेक्टर, हेच मॉनिटर. शिशासारख्या जड टार्गेटवर तिथे निव्वळ रदरफोर्ड विकिरण (फक्त विद्युत प्रतिकर्षणाने कण विखुरणं, ज्याचं प्रमाण सूत्राने काढता येतं) असतं, त्याच्याशी आपल्या मोजणीचं गुणोत्तर घेतलं की बीम करंट आणि टार्गेटची जाडी दोन्ही गणितातून जातात. एकच डिटेक्टर लावून काटकसर अजिबात करू नका. २० अंशांवर कोन एका अंशाने चुकला तर मोजणी सुमारे २० टक्क्यांनी बदलते. बीम डावीकडे सरकला की एका बाजूची मोजणी वाढते, दुसरीकडची घटते. सरासरीत चूक बरीचशी जाते. दोघांचं गुणोत्तर दर रनला वहीत लिहा, ते हललं तर बीम हलला.

डेड टाइमची (एक कण नोंदवताना पुढचे कण मोजता येत नाहीत त्या वेळेची) दुरुस्ती मात्र प्रत्येक डिटेक्टरला वेगळी करा.