कुस्तीच्या आदल्या रात्री पोटात कळा: फ्रॉइड, युंग की आडलर?
(चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तांबडी माती
माझा पुतण्या सतरा वर्षांचा. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग खुराक, संध्याकाळी परत आखाडा. तालमीत त्याच्या वजनात त्याला पाडणारा कोणी नाही. पण जत्रेतली जोड ठरली की आदल्या रात्रीपासून पोटात कळा. तीन वेळा झालं. सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. वस्ताद म्हणतात, नाटक करतोय. नाटक नाही. मी त्याच्या शेजारी झोपलोय. गुडघे पोटाशी घेऊन, उशीचा अभ्रा दातात धरून पडलेला पोरगा मी बघितलाय.

मी इथं कोल्हापुरातच मानसशास्त्र शिकवतो. आमच्या वर्गात मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडला आठ तास, त्याचा एकेकाळचा सहकारी युंगला तीन आणि तसाच दुसरा सहकारी आल्फ्रेड आडलरला जेमतेम एक तास मिळतो. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फ्रॉइड विचारतो, हे कशामुळं झालं? आडलर विचारतो, हे कशासाठी चाललंय? लहानपणी मुडदूस झालेला, न्यूमोनियातून कसाबसा वाचलेला हा माणूस. कमीपणाची भावना माणसाला कशी ढकलते आणि कशी अडवते, हे त्यानं अंगावर झेललं होतं. त्याच्या हिशेबानं पुतण्याच्या कळा खऱ्याच आहेत, पण त्या कामाच्याही आहेत. "पोट दुखलं नसतं तर मारली असती" हे वाक्य त्या कळांमुळं शाबूत राहतं. एकदा मैदानात चितपट झाला की ते वाक्य गेलं. पोरगं समजून घ्यायचं असेल तर आडलरच हवा.

अबोध
सर, आडलर तुम्हाला अर्ध्या वाटेवर सोडतो. कळा 'कामाच्या' आहेत हे त्या पोराला माहीत आहे का? नाही ना? मग ते त्याच्यापासून कोण लपवतंय? या प्रश्नाला दमन (नकोसे विचार मनाच्या नकळत्या भागात, नेणिवेत, ढकलणं) हे उत्तर फ्रॉइडनं दिलं. १९११ मध्ये आडलर त्याच्यापासून वेगळा झाला तो याच मुद्द्यांवर. दमन आणि लैंगिक प्रेरणा त्यानं बाजूला ठेवल्या आणि मनाचा तळच काढून टाकला. १९२३ च्या मांडणीत फ्रॉइड मनाचे इदम् (आंधळ्या प्रेरणा), अहम् ('मी') आणि पराहम् (आतला पहारेकरी) असे तीन भाग करतो, आणि अहम् चा बराचसा भागही नेणिवेतच आहे असं म्हणतो. तुमचा पोरगा स्वतःला फसवत नाहीये, त्याला आतली भानगड दिसतच नाहीये.

एक विचारते. त्याचे वडील कुस्ती करायचे का?

तांबडी माती
करायचे. चोविसाव्या वर्षी मैदानात गुडघा गेला. पुन्हा लंगोट बांधला नाही. पोराच्या प्रत्येक कुस्तीला पहिल्या रांगेत येऊन बसतात, एक शब्द बोलत नाहीत.

अबोध
मग उत्तर तिथंच बसलंय, पहिल्या रांगेत.

टेंबलाईची वाट
दोघंही घरापुरतं बघताय. माणसाचं मन त्याच्या घरापेक्षा जुनं आहे. १९०९ मध्ये फ्रॉइड आणि युंग एकत्र अमेरिकेला गेले, तेव्हाच्या प्रवासातलं युंगचं स्वप्न आठवा. दुमजली घर, वर चांगलं फर्निचर, खालचा मजला मध्ययुगीन, त्याखाली रोमन काळातलं तळघर आणि अगदी तळाशी गुहा, तिथं दोन कवट्या. फ्रॉइडनं हट्टानं विचारलं, त्या कवट्या कोणाच्या? कोणाच्या मरणाची इच्छा आहे? युंगनं बायकोचं आणि मेव्हणीचं नाव सांगून वेळ मारून नेली. त्याला स्वतःला मात्र त्या घरात मनाचेच थर दिसले होते. वर मी, खाली माझे पूर्वज, त्याखाली सगळी माणूसजात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी खणली तर खालून समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती निघाली, टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन बघा. ललितापंचमीला अंबाबाई टेंबलाई देवीला भेटायला जाते. विजयाच्या सोहळ्याला बोलावलं नाही म्हणून टेंबलाई रुसलेली. तिथं लहान मुलीच्या हातून कोहळा फोडतात आणि तुकड्यासाठी झुंबड उडते. तो कोहळा म्हणजे राक्षस. ज्या कोल्हासुराला देवीनं मारलं त्याचंच नाव आपण गावाला लावलंय. मारलेल्याचं नाव टाकून दिलं नाही, जवळ ठेवलं. युंग ज्याला छाया म्हणतो, म्हणजे आपण आपली मानायला तयार नसतो ती आपलीच काळी बाजू, ती हीच. त्या पोराला हरण्याची भीती नसेल. समोरच्याला जमिनीवर आपटण्यात येणारा आनंद त्याला झेपत नसेल.

मोजमाप
ताई, उदाहरण छान दिलंत, पण ते तुमच्याच विरुद्ध जातंय. पोसायडन कोल्हापूरकरांच्या रक्तातून उगवला नाही. तो जहाजातून आला, बंदरातून घाट चढून आला, कोणीतरी पैसे मोजून घेतला. कोहळ्याचंही तेच. आजीनं नातीला हाताला धरून नेलं म्हणून तो टिकला. शिकवलेल्या गोष्टीला युंगसारखं सामूहिक नेणीव (सगळ्या माणसांत जन्मतः असलेला मनाचा थर) म्हणायची गरज काय?

माझा खरा आक्षेप तिघांवरही आहे. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपरनं १९१९ मध्ये आडलरला एका मुलाची हकिगत सांगितली. आडलरनं मूल न बघताच न्यूनगंड लावून मोकळं केलं. एवढी खात्री कशी, विचारल्यावर म्हणाला, हजार अनुभवांवरून. पॉपर म्हणाला, म्हणजे आता एक हजार एक झाले. एकानं पोराला बुडवायला पाण्यात ढकललं आणि दुसऱ्यानं वाचवायला जीव दिला, तर हे सिद्धांत दोन्हीचं स्पष्टीकरण देतात. काय घडलं तर तुम्ही 'चुकलो' म्हणाल, ते आधी सांगा.

टेंबलाईची वाट
आजीनं नेलं हे खरं. पण आजीला ते का सोडवत नव्हतं, याचं उत्तर जहाजात सापडत नाही.

दुधाळी
सगळी चर्चा बाप आणि लेक. आई कुठे आहे? मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नीनं फ्रॉइडच्या चेल्यांना हेच सुनावलं होतं, की तुमचा सिद्धांत पुरुषांनी पुरुषांकडं बघून रचलाय. खुराक कोण करतं? कळा आल्या की तो कोणाला हाक मारतो? आणि बापाची भीती सगळीकडं सारखी नसते. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली. फ्रॉइडशी पत्रव्यवहार ठेवूनही त्यांनी १९२९ मध्ये त्याला सरळ कळवलं, की बापाकडून खच्चीकरण होईल या भीतीची लक्षणं माझ्या भारतीय रुग्णांत युरोपीय रुग्णांइतकी ठळक दिसत नाहीत. फ्रॉइडच्या व्हिएन्नाचा सदरा आपल्या अंगाला जशाच्या तसा बसत नाही.

तांबडी माती
हाक आईलाच मारतो. हे मी आधी लिहायला हवं होतं.

मोजमाप, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. स्पष्टीकरण म्हणून यातलं काहीच सिद्ध होणार नाही. मी सिद्धांत पडताळतोय तो एवढ्यावरच, की तो मला पोराला कुठला प्रश्न विचारायला लावतो. आडलर रुग्णाला एक साधा प्रश्न विचारायचा: हे दुखणं नसतं तर तू काय केलं असतंस?

काल संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना तोच विचारला. म्हणाला, "मारली असती कुस्ती." मला वाटलं, झालं, आडलर बरोबर. पण तो भेळेचा कागद दुमडत बसला. चार घड्या घातल्या, पुन्हा उलगडला. मग म्हणाला, "काका, गावात अजून लोक आबांची कुस्ती सांगतात. गुडघा गेला ती न्हवं, त्याच्या आधीची. मी मारली की मग माझी सांगतील."

अबोधताई, हे तुमचं. पण त्यात बापाची भीती नव्हती. बापाचं काहीतरी आपल्या हातून हिसकावलं जाईल याची भीती होती, आणि त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं ते मला कळलेलं नाही. पुढच्या महिन्यात परत जोड आहे. आबांशी यावर बोलू का, असं मी त्याला अजून विचारलेलं नाही.