रुग्णालय झालेले प्रदर्शन सभागृह पुन्हा कसे उभे राहते?

प्रश्न : सभागृह व्यवस्थापक

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी व्यापारी संघाचे एक प्रदर्शन सभागृह आहे आणि त्याची व्यवस्था मी गेली अकरा वर्षे पाहत आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये ते विलगीकरणासाठी ताब्यात घेण्यात आले. पुढे परत मिळाले तेव्हा फरशीवर खाटांच्या पायांचे गंजलेले ठसे होते आणि एका भिंतीवर कोणीतरी पेन्सिलीने दिवस मोजल्याच्या रेघा होत्या. फरशी आम्ही घासून घेतली, पण त्या रेघांवर रंग लावू नये, असे मी विश्वस्तांना सांगितले आणि त्यांनीही ते मान्य केले.

आता नूतनीकरणाचा आराखडा होत आहे. अशी वेळ पुन्हा आलीच, तर वास्तू तातडीने उपयोगी पडावी आणि नंतर लवकर पूर्वपदावर यावी, यासाठी आज कोणती कामे करून घ्यावीत? मोठ्या केंद्रांनी हे कसे साधले, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : मंडप आणि स्टॉल कंत्राटदार, मुंबई

गोरेगावच्या नेस्को संकुलातील बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये मी अनेक वर्षे स्टॉल उभारले आहेत. २०२० मध्ये तेथेच महापालिकेचे जम्बो कोविड केंद्र सुरू झाले आणि २०२१ मध्ये त्याच आवारात लसीकरणाच्या रांगा लागल्या. प्रदर्शनाची जागा रुग्णालयासाठी का निवडतात, हे बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. मधे खांब नसलेल्या मोठ्या दालनाचा विस्तार, थेट आत येणारा ट्रक, मोठा वीजभार आणि वाहने लावायला जागा या चारही गोष्टी तेथे आधीपासूनच तयार असतात. आम्ही ज्या ऑक्टोनॉर्मच्या, म्हणजे जोडता-सोडता येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या, पट्ट्यांनी नऊ चौरस मीटरचे स्टॉल करतो, तशाच पट्ट्यांनी खाटांचे कप्पेही करता येतात.

उणीव असते ती स्वच्छतागृहांची आणि हवेची. प्रदर्शनाला आलेला माणूस दोन-तीन तासांत घरी जातो, रुग्ण मात्र दहा-दहा दिवस राहतो, त्यामुळे सांडपाण्याच्या जोडण्या जादा ठेवाव्यात, मग त्या एरवी झाकून ठेवाव्या लागल्या तरी चालेल. वातानुकूलन यंत्रणा वीज वाचवण्यासाठी आतलीच हवा फिरवतात. बाहेरची ताजी हवा घेण्याची सोय नसेल, तर ती याच नूतनीकरणात करून घ्या, कारण छत बंद झाल्यावर तेच काम कित्येक पट महाग पडते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. टाळेबंदीत माझे सुतार आणि वायरमन गावी गेले आणि त्यांतले निम्मेच परत आले. इमारत परत मिळाली, तरी रात्रीत दोनशे स्टॉल उभे करणारे हात नसतील, तर ती रिकामीच राहते. आराखड्यात कामगारांच्या निवाऱ्याची आणि पडत्या काळातल्या किमान मजुरीची तरतूद असावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

उत्तर २ : स्पेनमध्ये राहणारी वास्तुरचनाकार

माद्रिदच्या इफेमा या प्रदर्शन केंद्राचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. यजमान चिलीने असमर्थता दाखवल्यावर डिसेंबर २०१९ मधील संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद काही आठवड्यांच्या तयारीत तेथे भरली होती. मार्च २०२० मध्ये त्याच केंद्रात रुग्णालय उभे राहिले आणि १ मे रोजी बंद होईपर्यंत सुमारे ४,००० रुग्णांवर तेथे उपचार झाले. मे २०२१ मध्ये फितुर हे पर्यटन प्रदर्शन तेथे प्रत्यक्ष भरले आणि जुलैमध्ये आर्को हा कलामेळाही झाला. आधीच्या परिषदेमुळे थोड्या दिवसांत जागा बदलण्याचा सराव तेथील लोकांना होता, आणि माझ्या मते खरे बळ तेच होते.

लंडनच्या एक्सेल या प्रदर्शन केंद्रात मात्र उलट अनुभव आला. ४,००० खाटांपर्यंत वाढवता येईल, असे रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये तेथे सुरू झाले, पण पहिल्या लाटेत जेमतेम पन्नासेक रुग्णांवर उपचार झाले, त्याचे एक कारण म्हणजे अतिदक्षता विभाग सांभाळणाऱ्या परिचारिकाच पुरेशा नव्हत्या. तेव्हा खाटांचा आकडा ठरवण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांना मनुष्यबळाविषयी विचारून घ्या.

उत्तर ३ : संमेलन कार्यकर्ता, नाशिक

मी आयोजकांची बाजू मांडतो. नाशिकचे ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मार्च २०२१ मध्ये व्हायचे होते, ते अखेर डिसेंबर २०२१ मध्ये झाले. तारीख पुढे ढकलणे म्हणजे निवास, भोजन, मंडप, ध्वनिव्यवस्था अशा प्रत्येकाशी नव्याने बोलणे असते. त्या काळात एका वेगळ्या, छोट्या कार्यक्रमासाठी आम्ही दिलेली आगाऊ रक्कम एका सभागृहाने परत केली नाही आणि पुढची तारीखही दिली नाही, तेव्हापासून आमचे मंडळ तेथे गेलेले नाही. आपल्या करारात सरकारी आदेशाने कार्यक्रम थांबल्यास रक्कम परत मिळेल की पुढच्या तारखेत वळती होईल आणि किती महिन्यांच्या आत, हे स्पष्ट मराठीत लिहा. लोक परत येतील की नाही, हे फरशीपेक्षा त्या कलमावर अधिक ठरते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनापासून आभार. कराराचे कलम मी याच आठवड्यात विश्वस्तांपुढे ठेवतो. कंत्राटदार साहेबांना एकच विचारतो : आमच्या दालनातल्या वीजनळ्यांच्या चाऱ्या केवळ एक वीत खोल आहेत, त्यांतूनच सांडपाण्याची नळीही नेता येईल का?

उत्तर १ : मंडप आणि स्टॉल कंत्राटदार, मुंबई

नाही, साहेब. सांडपाण्याला उतार लागतो आणि तो एक वीत खोलीत लांबवर मिळत नाही; शिवाय वीज आणि पाणी एका चारीत कधीही एकत्र ठेवू नये. बाहेरच्या भिंतीलगत वेगळी चारी खणून घ्या आणि दर दहा मीटरवर तोंड ठेवा. फरशीचे काम सुरू होण्यापूर्वी मला बोलवा, मी स्वतः येऊन जागा पाहतो.