‘रान’ म्हणजे जंगल की वावर? पत्त्यांच्या खेळाचं भाषांतर अडलंय

बोरीबाभळी: ‘मॅजिक द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या नियमांचं मराठी टिपण करतोय. लँडला जमीन आणि फॉरेस्टला रान लिहिलं, तर परभणीकडच्या पोरांनी रान म्हणजे कुठलीही जमीन धरली. ‘नेचर्स लोर’ आणि ‘रॅम्पंट ग्रोथ’ हे दोन्ही पत्ते दोन मानांचे (माना म्हणजे जमिनीतून काढायची आणि पत्ता खेळायला खर्चायची शक्ती), त्यातला एक हिरवा. पहिल्यानं डेकमधून, म्हणजे आपल्या गठ्ठ्यातून, फॉरेस्टच काढता येतं, ते उभं उतरतं आणि लगेच वापरता येतं. दुसऱ्यानं कुठलीही बेसिक (मूळ प्रकारातली) जमीन चालते, पण ती वापरून झालेल्या जमिनीसारखी आडवी उतरते. ‘रान काढा’ वाचून पोरं पहिल्या पत्त्यावर दलदल (स्वॅम्प, दुसऱ्याच प्रकारची जमीन) काढायलीत.

करडई: काढणारच की. आपल्याकडं रानात गेला म्हणजे वावरात गेला. सरळ जंगल लिहा.

शुद्धमती: अरण्य, रण्ण, रान. मूळ अर्थ जंगलच आहे. रानमेवा, रानडुक्कर हे शब्द काय वावरातले?

करडई: रानडुक्कर हरभऱ्यातच सापडतंय सध्या.

शुद्धमती: आणि ‘माना’ कशाला ठेवलाय? ‘दोन हिरव्या माना’ असं वाचलं जातंय. मूळ मनस्, तेव्हा मनोबल लिहा.

धूळपेरणी: मनस्‌शी काही संबंध नाही. शब्द पॉलिनेशियातला. माओरीत त्याचा अर्थ वजन, अधिकार, दैवी सामर्थ्य. मी तर ‘ओल’ म्हणेन. जमिनीतून निघते, पीक तिच्यावरच येतं.

बोरीबाभळी: ओल चालणार नाही. काळ्या रानात (बघा, मीही रानच लिहिलं) पावसाळ्यातली ओल रब्बीची ज्वारी काढून देते. इथं काढलेला माना त्या टप्प्यात खर्चला नाही की गेला. 2009 पर्यंत तर वाया गेलेल्या प्रत्येक मानामागं खेळाडूचा एक जीव (गुण) कटायचा. म्हणून ‘साठा’ही नको. नवखे आधी सगळ्या जमिनी आडव्या करतात, मग हातातला पत्ता बघतात. आधी पत्ता ठरवायचा, मग लागेल तेवढ्याच जमिनी आडव्या करायच्या.

करडई: ‘आडवा’वरच माझी हरकत आहे. प्राण्याच्या पत्त्याला आडवा केला म्हणजे मेला, असं वाटतं. नवखा पत्ता उचलून मसणात (बाद पत्त्यांच्या ढिगात) टाकतो. त्यापेक्षा जुंपणे घ्या. जुंपलेला बैल सोडल्याशिवाय परत जुंपता येत नाही. पाळी सुरू झाली की आधी सगळे सोडायचे, मग पत्ता ओढायचा. आणि नवा गोऱ्हा आल्या आल्या औताला धरत नाहीत, तसाच नुकता उतरलेला प्राणी हल्ल्याला जुंपता येत नाही.

धूळपेरणी: लई बेस. फक्त नवी जमीन त्याच पाळीत चालते, हे वेगळं लिहा. आणि पाळीला एकच जमीन उतरते, हेही.

शुद्धमती: जमीन जुंपत नाहीत, वाहतात. आणि पाळी म्हणजे कुळवाची की पाण्याची? ‘डाव’ लिहा.

करडई: डाव म्हणजे अख्खा खेळ. एका डावात एकच जमीन उतरवली तर साठ पत्त्यांतल्या चोवीस जमिनी काय बांधावर ठेवायच्या?

शुद्धमती: मग ‘खेप’.

धूळपेरणी: खेप शेणखताची असते.