काम चालू असताना दुसरं घर कसं शोधायचं?

बोपोडीची ताई:
मी बाणेरला एका सोसायटीत बाळ सांभाळते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, पगार 16,000. छोटी आता अडीच वर्षांची झाली. जूनपासून तिला प्लेग्रुपला घालणार, मग वहिनी म्हणतात अर्धा दिवस ये, पगारही अर्धा. माझं खोलीभाडंच 7,000 आहे, कसं भागवायचं? म्हणून दुसरं काम बघतेय. पण दिवसा फोन उचलता येत नाही. छोटी "कोन हाय, कोन हाय" करते आणि संध्याकाळी आईला सगळं सांगते! शेजारच्या टॉवरमध्ये एक काम आहे. तिथल्या मॅडम म्हणतात, दोन दिवस येऊन दाखव आणि आत्ताच्या घरचा नंबर दे. तो कसा देऊ? वहिनींना आधीच सांगून टाकू का?

कोथरूडची मावशी:
त्याच सोसायटीत गुपचूप जमणार नाही गं. त्या मॅडमनी गेटच्या ॲपमध्ये तुझं नाव जोडलं, की तुझ्या वहिनींना दिसणार. वॉचमन सांगेल ते वेगळंच. आधीच्या घरचा नंबर दे. आणि ट्रायल रविवारी, तीही पैसे घेऊन. फुकट दोन दिवस बाळ सांभाळून घेतात आणि मग "कळवते" म्हणतात.

दोन लेकरांची आई:
मी मालकिणीच्या बाजूची. अर्धा दिवस त्यांनीच केला ना? मग लपवायचं कशाला? सरळ सांगा, "एवढ्यात माझं भागत नाही, तुमच्या ओळखीत बघाल का?" आमच्या मावशींचं मीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं, दोन दिवसांत तिघींचे फोन आले.

हडपसरकर:
सगळ्या मालकिणी अशा नसतात. माझ्या बहिणीनं आधी सांगितलं, तर "उद्यापासून नको येऊस". महिन्याचा पगारही अडकवला. घरेलू कामगार मंडळाचा 2008चा कायदा आहे, नोंदणी जरूर करा, पण तो कल्याणकारी योजनांचा. नोटिशीचं त्यात काही नाही. आधी नव्या घराशी पगार, सुट्ट्या, दिवाळीचा बोनस व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मग पगार हातात पडला की सांगा.

बोपोडीची ताई:
पिंपळे सौदागरच्या जुन्या ताईंना फोन केला, त्या बोलायला तयार आहेत. वहिनींना एक तारखेला पगार झाला की सांगते. रविवारी अकराला बोलावलंय. ट्रायलचे पैसे मागितले तर मॅडम म्हणाल्या, "ह्यांना विचारून सांगते."